ब्रेक गेला तरी गिअर असतो

मागच्या भागात क्लच झाला, या वेळी ब्रेक.

शिरूरहून न्हावरे, पारगाव करत चौफुल्याला जाताना भीमेचा पूल लागतो, घाट लागत नाही. दौंड तालुक्यात पाटसहून बारामतीकडे निघालं की रोटी घाट आहे खरा. तुकोबांची पालखी तो चढते तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण होते, पण मोटारीला तो पटकन संपतो. मुलूख सपाट असल्यामुळे इथल्या चालकाला इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायची सवयच लागत नाही. वेग कमी करायचा म्हणजे पाय ब्रेकवर, एवढंच त्याला ठाऊक. मग हाच माणूस दिवे घाट किंवा कात्रजचा उतार उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो.

पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने समोरच्या गाड्यांना ठोकरत नेलं. पहिल्या बातम्यांत ४८ गाड्यांचा आकडा होता आणि कारण ‘ब्रेक फेल’. नंतर पोलिसांकडून आलेली माहिती वेगळी होती: चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद असताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की टाकीतली हवा उतरत जाते. आपल्या मोटारीत हवेऐवजी बूस्टर असतो. इंजिन बंद झाल्यावर त्याची मदत एक-दोन दाबांपुरती उरते आणि मग पॅडल दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक असतो, पण पायाची ताकद पुरत नाही. म्हणून चालत्या गाडीची चावी कधीही फिरवू नये. वर स्टिअरिंग लॉक होण्याची भीती वेगळीच.

खरोखर ब्रेक गेला, तर तो कसा गेला हे पॅडलच सांगतं. पॅडल फरशीला टेकत असेल तर भराभर पंप करा. ऑइल गळत असलं किंवा गरम होऊन त्यात वाफ धरली असली, तरी पंप केल्याने थोडा दाब परत मिळू शकतो. पॅडल खालीच जात नसेल तर आधी त्याखाली पाण्याची बाटली किंवा सरकलेली मॅट अडकली आहे का, ते बघा. हसू नका, हे होतं. त्याच वेळी ॲक्सिलरेटर सोडून गिअर एकेक खाली आणा: पाचवरून चार, तीन, दोन. एकदम पहिला टाकला तर चाकं घसरतात. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल वापरा. वेग उतरला की हॅण्डब्रेक, पण त्याचं बटण दाबून धरूनच, म्हणजे ओढता-सोडता येतो. एका झटक्यात ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरते. बटणाचा इलेक्ट्रिक हॅण्डब्रेक असेल तर ते बटण धरून ठेवावं लागतं. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू.

थांबायचं कुठे, हे इथे महत्त्वाचं. ऊस तोडणीच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हमखास असतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो आणि अंधारात मागचा दिवाही दिसेलच असं नाही. तिच्यावर जाऊन आदळण्यापेक्षा साइडपट्टीच्या मुरमावर उतरा. चढ, मोकळं रान किंवा उसाचं शेत मिळालं तर उत्तम. झाड, विजेचा खांब आणि विहीर टाळा. शेतकऱ्याची भरपाई नंतर देता येते.

एवढी वेळ येण्याआधी गाडी बहुधा सूचना देते: पॅडल मऊ लागणं, ब्रेक लावताना करकर, एका बाजूला ओढ, डॅशवर लाल दिवा, चाकाच्या आतल्या बाजूला ओल. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपल्याकडे मात्र इंजिन ऑइल वेळेवर बदलणारेही ब्रेक ऑइलची बाटली फक्त वरून भरतात. पातळी कमी झाली म्हणजे पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. वरून भरल्याने ते झाकलं जातं.

पुढच्या भागात टायर.