स्क्रीन मिररिंग

स्क्रीन मिररिंग म्हणजे स्मार्टफोनच्या पडद्यावरील दृश्य आणि त्यासोबतचा आवाज त्याच वेळी दूरचित्रवाणी संचावर दाखविण्याचे तंत्र होय. बिनतारी मिररिंगमध्ये दोन्ही उपकरणांना जोडणारी केबल लागत नाही. दृश्य वाय-फायच्या रेडिओ लहरींवरून पाठविले जाते. कास्टिंग हे याच्याशी मिळतेजुळते, पण वेगळे तंत्र आहे. व्यवहारात दोन्ही नावे एकाच अर्थाने वापरली जातात. मात्र मिररिंगला इंटरनेट आवश्यक नसते, तर कास्टिंगला बहुधा ते लागते. त्यामुळे इंटरनेटची जोडणी क्षीण असलेल्या भागात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

फोनमधील चित्रे मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी आरंभी केबलचाच वापर होत असे. इंटेल कंपनीने २०१० साली संगणकाचा पडदा दूरचित्रवाणीवर बिनतारी पद्धतीने दाखविणारे वायडाय हे तंत्र आणले. त्याच वर्षी ॲपलचे एअरप्ले सुरू झाले. आयफोनचा संपूर्ण पडदा दाखविण्याची सोय त्यात २०११ साली आली.

सप्टेंबर २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघाने मिराकास्ट हे मानक जाहीर केले. निरनिराळ्या कंपन्यांचे फोन आणि दूरचित्रवाणी संच परस्परांशी जोडता यावेत, हा त्यामागील हेतू होता. अँड्रॉइडच्या ४.२ या आवृत्तीत मिराकास्टचा समावेश झाला. गूगलने जुलै २०१३ मध्ये क्रोमकास्ट हे छोटे उपकरण बाजारात आणले. भारतात त्याची विक्री डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली.

कार्यपद्धती

१९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि दर सेकंदाला ६० चित्रचौकटी धरल्यास सेकंदाला जवळपास ३ अब्ज बिट पाठवावे लागतील. घरगुती वाय-फायला एवढा भार पेलत नाही. म्हणून फोन प्रथम दृश्याचे संक्षेपण करतो. लागोपाठच्या दोन चौकटींतील न बदललेला भाग पुन्हा पाठविला जात नाही. त्यामुळे भार काही मेगाबिटांपर्यंत खाली येतो. मिराकास्टमध्ये यासाठी प्रामुख्याने एच.२६४ ही पद्धत वापरतात. दूरचित्रवाणी संच ही माहिती उलगडून पुन्हा चित्र तयार करतो. या साऱ्यास लागणाऱ्या वेळामुळे फोनवरील हालचाल मोठ्या पडद्यावर किंचित उशिराने दिसते. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही. जलद खेळ खेळताना मात्र तो अडचणीचा ठरतो.

मिराकास्ट हे वाय-फाय डायरेक्टवर आधारलेले आहे. यात फोन आणि दूरचित्रवाणी संच यांच्यात थेट दुवा जोडला जातो. मध्ये राउटर नसला तरी चालते.

मिररिंग आणि कास्टिंग

मिररिंगमध्ये फोन स्वतः चित्र तयार करून पाठवत राहतो. त्यामुळे त्याचा पडदा सुरू ठेवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. फोनमध्ये आधीच साठविलेली चित्रफीत दाखविल्यास मोबाईल डेटा खर्च होत नाही.

कास्टिंगमध्ये फोन केवळ चित्रफितीचा पत्ता कळवितो. त्यानंतर दूरचित्रवाणी संच ती चित्रफीत स्वतः इंटरनेटवरून मागवून घेतो आणि फोन रिमोटचे काम करतो. फोनचा पडदा बंद केला तरी कार्यक्रम सुरू राहतो. मात्र संचाला इंटरनेट मिळणे आवश्यक असते. फोनच्या हॉटस्पॉटवरून ते दिल्यास सर्व भार मोबाईल डेटावरच पडतो.

शिक्षणातील उपयोग

महाराष्ट्र शासनाने जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून दूरचित्रवाणी संच, प्रोजेक्टर व टॅबलेट मिळविले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी दीक्षा हा राष्ट्रीय डिजिटल मंच सुरू झाला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्याच्याशी जोडण्यात आले. दीक्षा ॲपमधील साहित्य एकदा डाउनलोड केल्यावर इंटरनेटविना पाहता येते.

अशा ठिकाणी मिररिंग विशेष उपयोगी पडते. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथे नेटवर्क असताना डाउनलोड केलेला पाठ, नेटवर्क नसलेल्या एखाद्या गावातील वर्गातही शिक्षकाच्या एका फोनवरून सर्व विद्यार्थ्यांना दाखविता येतो. तोच पाठ कास्टिंगने दाखवायचा झाल्यास बहुधा वर्गात इंटरनेट लागेल.

मर्यादा

सर्व फोन सर्व मानके स्वीकारत नाहीत. आयफोनमध्ये मिराकास्टची सोय नाही आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही ती दिलेली नाही. ज्या संचात ही सुविधा अंगभूत नसते, पण एचडीएमआय खाच असते, त्यास वेगळे उपकरण जोडावे लागते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचासाठी आणखी एक रूपांतरक लागतो.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचाही वावर असल्याने चित्र अडखळू शकते. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात गर्दी कमी असते, पण त्याच्या लहरी भिंतीपलीकडे तितक्या सहज पोहोचत नाहीत. प्रताधिकाराच्या संरक्षणासाठी काही चित्रपट-ॲप मिररिंग रोखतात. अशा वेळी आवाज येतो, परंतु पडदा काळा राहतो.

गोपनीयता आणि सुरक्षितता

मिररिंग सुरू असताना फोनवर येणारे संदेश, छायाचित्रे आणि बँकेचे ओटीपीही मोठ्या पडद्यावर दिसू शकतात. म्हणून वर्गात किंवा सभेत फोन जोडण्यापूर्वी सूचना बंद ठेवणे आणि काम संपताच जोडणी तोडणे हितावह असते. शेजारच्या घरातील संचही यादीत दिसू शकतो. त्यामुळे संचाचे नाव तपासणे आणि पडद्यावर आलेला पिन फोनवर टाकण्याची पद्धत सुरू ठेवणे सुरक्षित मानले जाते.

घरातील मिररिंग आणि इंटरनेटवरून दूरच्या व्यक्तीला पडदा दाखविणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात फसवणुकीचा धोका मोठा असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या दूरस्थ जोडणीच्या ॲपचा गैरवापर करून खात्यातील पैसे काढले जाण्याच्या धोक्याविषयी बँकांना सावध केले होते. फोन दूरचित्रवाणीला जोडण्यासाठी कोणत्याही अनोळखी व्यक्तीला ओटीपी किंवा दूरस्थ जोडणीचा संकेतांक सांगावा लागत नाही.