टॅब बंद केला, तरी निरोप येतातच!

मावशीच्या मोबाईलवर ‘व्हायरस आलाय’ असे निरोप सारखे यायचे. बिचारी घाबरली. फोन ठीकच होता. ‘मी रोबोट नाही’ हे दाखवायला तिने कुठल्याशा साइटवर ‘अलाउ’ दाबलं होतं.

‘अलाउ’ म्हणजे एक प्रकारची वर्गणीच. ब्राउझर त्या साइटला एक खास पत्ता देतो. क्रोम असेल तर तो गूगलच्या सर्व्हरवरचा. साइट तिथे निरोप टाकते, सर्व्हर तो फोनवर पोचवतो. म्हणून टॅब बंद करून भागत नाही, परवानगीच काढायची. क्रोममध्ये सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे ती साइट शोधून ब्लॉक करा. मग पत्ता रद्द, निरोप बंद. आणि लक्षात ठेवा: रोबोट ओळखण्यासाठी नोटिफिकेशनची परवानगी लागतच नाही.