मुद्दाम दिलेला आजार: दहा वर्षांनंतरचा हिशेब कसा मांडायचा?

साथरोगांवर संशोधन करायचा विचार असेल, तर ही एक घटना नीट समजून घ्या. साल १९८४, सप्टेंबर-ऑक्टोबर. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या द डॅल्स या छोट्या शहरात ७५१ जण जुलाब, ताप आणि पोटदुखीने आजारी पडले. किमान ४५ जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. आधी सगळ्यांना वाटलं, हॉटेलांतल्या कामगारांनी स्वच्छता पाळली नसेल. पुढच्या वर्षी खरं काय ते बाहेर आलं. आचार्य रजनीश १९८१ मध्ये पुण्याहून तिकडे गेले होते. त्यांच्या कम्यूनमधल्या काही जणांनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा जंतू मिसळला होता. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरीच राहावेत, एवढाच हेतू!

आता तुमच्यासाठी प्रश्न: या ७५१ पैकी दहा वर्षांनी किती जण पूर्ण बरे होते? हा आकडा ते सांगत नाही. तो फक्त त्या वेळी आजारी पडलेल्यांचा आहे.

साल्मोनेलाचे जुलाब साधारण आठवडाभरात थांबतात. पण काहींचे गुडघे, घोटे नंतर सुजतात. याला रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. जंतूशी लढताना जागी झालेली प्रतिकारशक्ती सांध्यांना त्रास देते. काहींचं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं राहतं, तो आयबीएस.

अडचण इथेच सुरू होते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या कुणालाही विचारा, गुडघे दुखतात का? बहुतेक जण हो म्हणतील. मग दहा वर्षांनी दुखणारा गुडघा जंतूमुळे की कामामुळे, हे ठरवायचं कसं? एका माणसाकडे बघून ते ठरवणं फार कठीण. त्यासाठी त्याच गावातली, त्याच वयाची, तशीच कामं करणारी, पण आजारी न पडलेली माणसं तुलनेला लागतात.

कॅनडातल्या वॉकर्टन गावात हे करून दाखवलं गेलं. मे २००० मध्ये तिथलं नळाचं पाणी दूषित झालं, सुमारे २,३०० जण आजारी पडले आणि ७ जण दगावले. इथे कुणाचा घातपात नव्हता. संशोधकांनी गावकऱ्यांचा आठ वर्षं पाठपुरावा केला. आजारी पडलेल्यांत आयबीएसचं प्रमाण दोन-तीन वर्षांनी २८ टक्के होतं, आठ वर्षांनी १५ टक्के. आजारी न पडलेल्यांत ते सुमारे ५ टक्के. हा ५ चा आकडा नसता तर १५ ला काहीच अर्थ नव्हता.

घातपातात आणखी एक गुंता असतो. २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्स पाठवला गेला. २२ जण आजारी पडले, ५ दगावले. वर्षभराने वाचलेल्यांपैकी १५ जणांची पाहणी झाली, तेव्हा ८ जण कामावर परतलेच नव्हते. खोकला, थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा आणि प्रचंड मानसिक ताण अशा तक्रारी होत्या. यात जंतूचा वाटा किती आणि ‘हे कुणीतरी मुद्दाम केलं’ या धक्क्याचा किती? वॉकर्टनसारख्या नैसर्गिक साथीशी तुलना केली तर थोडा अंदाज येतो, पण फक्त अंदाजच. जंतू वेगळा, माणसंही वेगळी.

आपल्या सिंधुदुर्गातही पाठपुराव्याची गरज आहे. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. हा गोचिडीतून पसरणारा विषाणू, यात कुणाचा कट नाही. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना याचा धोका जास्त. त्यातून उठलेला माणूस चार वर्षांनी ‘अजून थकवा जात नाही’ म्हणाला, तर त्याला काय सांगणार? तुलनेचा गट नसेल तर दोनच उत्तरं उरतात: ‘सगळं तापामुळेच’ किंवा ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेलं नाही’. दोन्ही उत्तरं पुराव्याशिवायची, आणि दुसऱ्या उत्तरानंतर तो माणूस उपचारालाच येणं बंद करतो.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी आधी ठरवा. आजारी पडलेल्यांची यादी साथ चालू असतानाच, त्यांची संमती घेऊन करा. त्याच वाडीतले आजारी न पडलेले लोक त्याच दिवसापासून अभ्यासात घ्या. आणि दोन्ही गटांना दरवर्षी तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारा. पाच वर्षांनी आठवणीवर विसंबून सुरुवात केलीत, तर ज्याला ताप आला होता त्याला प्रत्येक दुखणं त्या तापानंतरचंच वाटेल.