किंमत लाकडाची की हाताची?

सावंतवाडीहून गोव्याकडे जाणारा प्रवासी इन्सुलीचा घाट उतरून बांद्याला पोहोचतो. वाटेत सावंतवाडीच्या चितारआळीत त्याने लाकडी वस्तूंच्या दुकानापुढे गाडी थांबवलेली असते. कोरलेली फळी हातात घेऊन तो विचारतो, “एवढ्याशा लाकडाचे इतके पैसे?” दुकानदार निमूटपणे भाव उतरवतो. ही सूट शेवटी कारागिराच्या मेहनतान्याला कात्री लावते.

याला उपाय एकच. माल पारखायला विकणाऱ्याने आधी शिकावे, मग गिऱ्हाइकाला शिकवावे.

कोरीवकाम हातचे की यंत्राचे, हे उजेडात तिरके धरून पाहावे. यंत्राचे पाते गोल फिरते, म्हणून आतले कोपरे किंचित गोलसर राहतात आणि दोन नग हुबेहूब सारखे निघतात. पटाशीने काढलेला कोपरा टोकदार असतो. खोलगट भागात हत्याराचे बारीक ठसे दिसतात. दोन पाने कधी अगदी सारखी नसतात. हा दोष नव्हे, ही हाताची सही आहे.

नंतर लाकूड पाहावे. खेळण्यांना लागणारा पांगारा हलका व मऊ, तर सागवान टिकाऊ. फणसाचे पिवळे लाकूड वर्षे जातील तसे गडद होते. ओल्या लाकडावर केलेले काम पुढे तडकते, म्हणून कारागीर लाकूड वाळेपर्यंत थांबतो. शिवाय लाकडाच्या रेषेविरुद्ध पटाशी चालली तर कपचा उडतो आणि दिवसभराचे काम वाया जाते. किंमत या धीराची आणि जोखमीची असते.

सावंतवाडीच्या लाकूडकामाला व गंजिफांना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात आसरा दिला, म्हणून ही कला तगली. २०२४ साली या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळते, मजुरी मात्र ठरत नाही. ती दुकानाच्या फळीवर ठरते.

तेव्हा व्यापारी बंधूंनी प्रत्येक नगाला चिठ्ठी लावावी. तीवर कारागिराचे नाव, लाकडाची जात आणि लागलेले दिवस लिहावेत. हातचा आणि यंत्राचा माल वेगळा मांडावा व तसे स्पष्ट सांगावे. दिवसांचा हिशेब डोळ्यांसमोर असला की घासाघीस आपोआप कमी होते. आणि गिऱ्हाईक घरी नेते ती शोभेची फळी नसते. कोणाच्या तरी हातची कलाकृती असते.