गुरूने मागितलेले एक वर्ष

९ जानेवारी १९१५ रोजी ‘अरेबिया’ बोटीने मोहनदास करमचंद गांधी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ होते. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याची कीर्ती त्यांच्या आधीच येथे पोचली होती. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात रेल्वे, वकिली, वैद्यकी यांपासून संसदीय राज्यपद्धतीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांनी आपले मत निःसंदिग्धपणे नोंदविले होते. सत्कार समारंभांना तोटा नव्हता आणि श्रोतेही आतुर होते. अशा माणसाला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी एका वचनात बांधून घेतले : एक वर्ष देशभर हिंडावे, अनुभव घ्यावा आणि तोपर्यंत सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये.

पंचेचाळीस वर्षांच्या, वीस वर्षे चळवळीत काढलेल्या माणसाकडे अशी मागणी करणे सोपे नव्हते. ती मान्य करणे त्याहून अवघड होते. परदेशातून आठ दिवसांसाठी आलेले पाहुणे विमानतळावरच देशाचे निदान करून मोकळे होतात, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. गांधीजींनी मात्र ते वचन पाळले, आणि पुढे ‘आत्मकथा’ लिहिताना त्या वर्षाची आठवण त्यांनी ज्या आदराने केली आहे, तीत कुठेही बंधनाबद्दलची कुरकुर आढळत नाही.

या वचनामागे एक गमतीचा इतिहास आहे. ‘हिंद स्वराज्या’तील काही कल्पना गोखल्यांना हास्यास्पद वाटत. एक वर्ष हिंदुस्थानात राहिलात की तुमची मते आपोआप ताळ्यावर येतील, असे ते गांधीजींना हसत हसत सांगत. म्हणजे गुरूच्या दृष्टीने हे वर्ष काही अंशी शिष्याच्या मतांवरचा उपचार होता. तो उपचार लागू पडला नाही. वर्ष संपले तरी त्या पुस्तकातील मते बदलली नाहीत. तथापि जे औषध ज्या रोगासाठी दिले त्यावर चालले नाही म्हणून ते वाया गेले असे होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. गोखले हे आकड्यांचे माणूस. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल आणि जमाखर्चाचे तक्ते वाचण्याची तालीम त्यांना मिळालेली. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे दिलेली साक्ष आणि १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकांवर केलेली भाषणे हा त्यांच्या कीर्तीचा पाया होता. सरकारी तिजोरीत शिल्लक आणि रयतेच्या घरी उपासमार हा विरोध त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून सरकारला दाखवून दिला. अशा विद्वानाने आपल्या आवडत्या शिष्याला अहवालांची यादी दिली नाही. त्याला आगगाडीत बसायला सांगितले. तक्त्यातून काय दिसत नाही, हे तक्ता जाणणाऱ्यालाच अधिक नेमके ठाऊक असते.

तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाची गोडी गांधीजींना त्यापूर्वीच लागली होती, आणि तिच्या आरंभाशीही गोखलेच उभे आहेत. १९०२ च्या आरंभी कलकत्त्यास गोखल्यांकडे महिनाभर राहून गांधीजी राजकोटला निघाले, तेव्हा काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर असे टप्पे घेत तिसऱ्या वर्गाने जाण्याचा बेत त्यांनी सांगितला. गोखल्यांनी आधी थट्टा केली. मग हेतू ऐकून घेतल्यावर आनंदाने संमती दिली. बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी आणि छायेच्या लोकरीचा लांब कोट अशी तयारी झाली. पुऱ्या-लाडूंचा डबा गोखल्यांनी दिला. निरोप द्यायला ते आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय स्टेशनवर आले. रेशमी फेटा बांधलेल्या गोखल्यांना कोणी अडविले नाही. बंगाली वेषातील रायांना मात्र तिकीट तपासनिसाने थांबविले, आणि हे आपले स्नेही आहेत असे गोखल्यांनी सांगितल्यावर सोडले. पहिल्या वर्गाने गेला असतात तर आलो नसतो, आता येणे भागच होते, असे गोखले म्हणाले. त्या साऱ्या प्रवासाचा खर्च, रेल्वेभाड्यासह, एकतीस रुपयांच्या वर गेला नाही. हिशेब ठेवण्याच्या बाबतीत गुरुशिष्यांचे गोत्र एकच होते.

१९१५ च्या आरंभी गांधीजी पुण्यास गेले. भारत सेवक समाजाचे सभासद त्यांनी व्हावे अशी गोखल्यांची इच्छा होती. सभासदांना मात्र उभयतांच्या कार्यपद्धतीतील अंतर मोठे वाटत होते. आश्रम काढण्याचा विचार ऐकताच त्याचा खर्च आपण देऊ, असे गोखल्यांनी सांगितले, आणि डॉ. देवांना बोलावून समाजाच्या वहीत गांधीजींच्या नावाचे खाते उघडावयास लावले. निघण्यापूर्वी शेंगदाणे, खजूर, ताजी फळे असा गांधीजींना चालणारा अल्पोपाहार अंगणात योजला होता. प्रकृती खालावलेली असतानाही गोखले खोलीतून चालत आले आणि तेथेच त्यांना मूर्च्छा आली. समारंभ चालू द्या, असा निरोप त्यांनी आतून धाडला. गुरुशिष्यांच्या सहवासाचे हे अखेरचे दिवस ठरले.

काठियावाडकडे जाताना उपरणे व अंगरखा ही अडगळ त्यांनी टाकून दिली आणि आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी घेतली. वाटेत प्लेगच्या तपासणीत अंगात ज्वर आढळला म्हणून इतर गरीब उतारूंप्रमाणे त्यांचेही नाव टिपून घेतले गेले, आणि राजकोटास डॉक्टरांपुढे हजर होण्याचा हुकूम झाला. वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या एका शिंप्याने विरमगामच्या जकात नाक्याचे गाऱ्हाणे घातले. संस्थानी मुलखातून ब्रिटिश हद्दीत शिरणाऱ्या उतारूंची झडती घेणारा हा नाका होता. आयात मालावरील कर बुडू नये, हा त्याचा हेतू. व्यवहारात मात्र चार कापडे आणि एक गाठोडे घेऊन जाणाऱ्या म्हातारीलाही त्याचा जाच होई. गांधीजींनी शिंप्याला एकच प्रश्न विचारला : तुरुंगात जायची तयारी आहे काय? त्याने तयारी दाखविली, पण पुढे तुम्ही व्हावे असेही बजावले. मत न देण्याचे वचन या ठिकाणी थोडे ताणले गेले असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्न विचारणे आणि कागदपत्रे जमविणे यांना वचनाची आडकाठी नव्हती. १९१७ मध्ये, लॉर्ड चेम्सफर्ड यांच्यापुढे गाऱ्हाणे नेल्यावर, तो नाका उठला.

१७ फेब्रुवारीस ते शांतिनिकेतनात पोचले. आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मंडळी तेथे उतरली होती. काका कालेलकरांची पहिली भेट तेथलीच. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात केशवराव देशपांड्यांनी शिक्षकांना घरगुती नात्यांची नावे दिली होती. कालेलकर ‘काका’, फडके ‘मामा’, हरिहर शर्मा ‘अण्णा’. विद्यालय बंद पडले आणि ते कुटुंब विखुरले, परंतु नाती टिकली आणि पुढे ती गांधीजींच्या आश्रमाला मिळाली.

मुक्काम ठरल्याप्रमाणे झाला नाही. १९ फेब्रुवारीस पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. तार येताच कस्तुरबा आणि मगनलाल यांच्यासह गांधीजी पुण्यास निघाले. वर्षभर अनवाणी राहण्याचे व्रत त्यांनी घेतले. गुरूच्या शोकात निघालेल्या या प्रवासाची हकिकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातूनच वाचावी. बरद्वान स्टेशनवर तिसऱ्या वर्गाची तिकिटे इतक्या लवकर मिळत नाहीत असे उत्तर मिळाले. खिडकी उघडल्यावर बळी तो कान पिळी असा प्रकार. त्यांना तिकीट मिळाले ते जवळजवळ शेवटी. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. गार्ड म्हणाला, मिळेल तेथे घुसा, नाही तर पुढच्या गाडीने या. ते मधल्या वर्गाच्या डब्यात चढले, तर तोच गार्ड आसनसोलला जादा भाडे मागायला आला. वाद घालण्याची ती वेळ नव्हती. पुण्यापर्यंतचे जादा भाडे त्यांनी भरले. मोगलसराईला तिसऱ्या वर्गात जागा झाली तेव्हा ते तेथे गेले आणि तसा दाखला मागितला. तपासनिसाने तो दिला नाही. पुढे त्यांनी परताव्यासाठी अर्ज केला. दाखल्याशिवाय परतावा देण्याचा रिवाज नाही, परंतु आपल्या बाबतीत अपवाद करतो, असे उत्तर आले. बरद्वान ते मोगलसराईचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. नाव गांधी नसते तर अपवादही झाला नसता, हे निराळे सांगावयास नको. पै-पैशासाठी भांडणारा हा मनुष्य कंजूष नव्हता. तिकीट घेतल्यावर जागा मिळणे हा कराराचा भाग आहे, उपकार नव्हे, एवढेच त्याला नोंदवून ठेवायचे होते.

पुण्यात समाजाच्या सभासदत्वाचा प्रश्न पुन्हा निघाला. निम्मे अनुकूल, निम्मे प्रतिकूल. थोड्या मताधिक्याने आत शिरण्यापेक्षा गांधीजींनी श्रीनिवास शास्त्र्यांना लिहून आपला अर्जच मागे घेतला. अर्ज मागे घेतल्यानेच आपण समाजाचे खरे सभासद झालो, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. कृतज्ञता आणि मतभेद एकाच घरात कसे नांदू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच.

त्यानंतर रंगून. बोटीच्या डेकवर प्रवास, आणि स्वच्छतागृहाची अवस्था वर्णनापलीकडची. एप्रिलमध्ये हरिद्वारचा कुंभ. सहारनपूरपासून पुढे उतारूंना छत नसलेल्या, गुरामालाच्या वाघिणींत कोंबले होते. वर दुपारचे ऊन आणि खाली तापलेले लोखंड. त्या तहानेतही ‘मुसलमान पाणी’ नाकारून ‘हिंदू पाण्या’ची वाट पाहणारे लोक त्यांनी पाहिले. कुंभात हृदयनाथ कुंझरूंच्या नेतृत्वाखाली भारत सेवक समाजाचे पथक काम करीत होते, आणि डॉ. देवांनी खणविलेल्या चरांवर माती लोटण्याचे काम फिनिक्सच्या मंडळींनी पत्करले. तेथेच पाच पायांची गाय पाहावयास मिळाली. जिवंत वासराचा पाय कापून तो गाईच्या खांद्यावर बसविलेला, आणि भोवती दक्षिणा टाकणारे भाविक. दिवसाकाठी पाचच पदार्थ खावयाचे आणि अंधार पडल्यावर काही खावयाचे नाही, हे व्रत त्यांनी तेथे घेतले. पुढे मद्रास, नेल्लोर, त्रांकेबार. आफ्रिकेच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या तमिळ मजुरांच्या मुलखात जाऊन त्यांनी आपले जुने ऋण मान्य केले.

२५ मे १९१५ रोजी अहमदाबादेजवळ कोचरब येथे, भाड्याच्या बंगल्यात, सत्याग्रहाश्रम सुरू झाला. प्रवास संपून घर मांडले गेले, आणि चारच महिन्यांत त्या घराची परीक्षा झाली. अमृतलाल ठक्करांच्या पत्रावरून दुदाभाई, दानीबेन आणि त्यांची तान्ही मुलगी लक्ष्मी हे अस्पृश्य कुटुंब आश्रमात आले. विहिरीवरचा मोटवाला शिव्या देऊ लागला. आश्रमातही कुरबुर होती. कस्तुरबांनाही ते आरंभी रुचले नाही. देणग्या बंद पडल्या. पुढच्या महिन्याला पैसे नाहीत, असे मगनलालांनी सांगितले, तेव्हा आपण अस्पृश्यांच्या वस्तीत राहावयास जाऊ, असे गांधीजींचे उत्तर होते. मग एके दिवशी एक शेठ मोटारीतून आले, तेरा हजार रुपयांच्या नोटा हातात ठेवल्या आणि निघून गेले. वर्षभर आश्रमाला पुरेल एवढी ती रक्कम होती.

रेल्वेचा धागा मात्र सुटला नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये रांचीहून वृत्तपत्रांना धाडलेल्या पत्रात त्यांनी मुंबई-मद्रास प्रवासाचा हिशेब मांडला. तिसऱ्या वर्गाचे भाडे तेरा रुपये नऊ आणे. पहिल्या वर्गाचे त्याच्या पाचपटीहून अधिक. मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्या वर्गाच्या सोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो काय, असा त्यांचा सवाल होता. वरच्या वर्गांची चैन खालच्या वर्गाच्या भाड्यातून भागते, हे सूत्र अंदाजपत्रकावरील गोखल्यांच्या भाषणात शोभले असते. फरक एवढाच की, हे आकडे बावीस उतारूंच्या डब्यात पस्तीस जणांत उभे राहून गोळा केलेले होते. भारतीय रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग रद्द केला. अनारक्षित डब्याच्या दाराशी लोंबकळणाऱ्या उतारूला त्याची बातमी अद्याप पोचायची आहे.

वचनाची मुदत संपली आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजी बोलावयास उभे राहिले. व्यासपीठावर जडजवाहीर ल्यालेले महाराजे होते. त्यांनी काशीविश्वनाथाच्या गल्ल्यांतील घाण सांगितली, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात थुंकणारे उतारू सांगितले, राजांच्या अंगावरचे दागिने सांगितले. वर्षभर साठविलेले सारे बाहेर पडले. ॲनी बेझंट यांनी मध्येच थांबण्यास सांगितले, महाराजे उठून गेले, आणि ते भाषण अपुरेच राहिले. गोखल्यांना जाऊन त्या दिवशी अजून पुरते वर्षही झाले नव्हते.