ताटाचा फोटो काढताना

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर येणारा कामगार असो, नाहीतर पुणे-सोलापूर महामार्गावरचा प्रवासी, जेवण मागवायच्या आधी आता मोबाइलमध्ये फोटो बघतो. पिठल्याचा वास काही फोटोतून येत नाही. म्हणून खानावळ चालवणाऱ्या आणि डबे देणाऱ्या गटांसाठी आज फोटोविषयी बोलू.

नवा मोबाइल नको. आहे त्याची काच आधी पदराने पुसा. आपल्या हाताला तेल-पीठ असतंच, त्या बोटांनी फोटो धुरकट येतो.

मग उजेड. पिवळ्या बल्बखाली भातसुद्धा पिवळा दिसतो आणि फ्लॅश मारला की रश्शावरची तर्री नुसती पांढरी चमकते. दिवसा ओसरीवर किंवा खिडकीशी, थेट ऊन नसेल तिथे ताट ठेवा. उजेड एका बाजूने येऊ द्या. दुसऱ्या बाजूला सावली गडद वाटली तर तिथे पांढरा पुठ्ठा उभा धरा, उजेड त्यावरून परतून ताटावर पडतो. आमच्या मते निम्मं काम इथेच होतं.

पूर्ण थाळी बरोबर वरून टिपा. भाकरीची चळत किंवा वाटीतली आमटी मात्र जेवायला बसल्यावर दिसते तशी, थोडी तिरपी. स्टीलच्या ताटात आपलंच तोंड दिसतं, त्यापेक्षा साधी पांढरी ताटली बरी. वाटीच्या कडेचा ओघळ पुसा. कोथिंबीर आयत्या वेळी घाला. पिठलं गार होऊन वर साय धरायच्या आत फोटो घ्या, पण वाफ काचेवर बसणार नाही एवढं थांबा. चारी बाजूंनी जागा सोडा, कारण अ‍ॅपवर फोटोच्या कडा कापल्या जातात.

आता खरी गोष्ट. फोटोत तीन भाकरी आणि डब्यात दोन, असं झालं की गिऱ्हाईक तक्रार करतं. परत दिलेले पैसे कधी कधी आपल्याच हिशेबातून वळते होतात. तेव्हा जेवढं देतो तेवढंच ताटात मांडा. इंटरनेटवरचा चकचकीत फोटो उचलू नका. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि ते जेवण आपलं नसतंच.

नवरात्रात फिरंगाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी उपवासाचं ताट ठेवणार असाल, तर त्याचा फोटो वेगळा काढा. शेजारी कांदा किंवा लसणाची चटणी दिसत नाही ना, हे अ‍ॅपवर चढवण्याआधी दोघींनी मिळून बघा.