आपला मारिओ जरा सावकाश धावायचा

लहानपणचा मारिओ आज मोबाइलवर उतरवून घेतला, की तो उगाच घाईत असल्यासारखा वाटतो. गाणंही चढ्या लयीत वाजतं. ‘वय झालं, आता हात चालत नाही’ म्हणून चाळिशीतला खेळाडू स्वतःलाच बोल लावतो. पण हा फरक बहुधा खराच असतो, आणि तो मोजताही येतो.

मारिओ ज्या यंत्रासाठी लिहिला गेला ते निन्टेन्डोचं ‘फॅमिकॉम’ 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य अभियंते. जपानी टीव्हीवर सेकंदाला सुमारे 60 वेळा चित्र उमटायचं आणि गेम त्याच ठोक्यावर चालायचा. प्रत्येक ठोक्याला मारिओ थोडा पुढे, गाणंही थोडं पुढे. भारतात तेव्हा टीव्हीची पद्धत ‘पाल’, म्हणजे सेकंदाला 50 ठोके. पालसाठी बनवलेल्या, आपल्याकडे मिळणाऱ्या नकली यंत्रात तोच जपानी गेम घातला, की एका सेकंदाचं काम उरकायला 1.2 सेकंद लागायचे. मारिओचा वेग आणि गाण्याची लय, दोन्ही एक षष्ठांशाने कमी. आपल्या कानाला आणि बोटांना सवय लागली ती या सावकाश मारिओची.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ या नावाने जे मिळायचं, सुट्टीत भाड्याने यायचं, ते बहुतेक फॅमिकॉमची नक्कल असे. कॅसेटींची नक्कलही सोपी होती. कॅसेट अस्सल आहे की नाही हे तपासणारी चिप निन्टेन्डोने पुढे अमेरिकेतल्या यंत्रात बसवली. जपानी यंत्रात ती नव्हतीच. पुढे नक्कल करणाऱ्यांनी सगळी यंत्रणा एकाच चिपमध्ये कोंबली आणि किंमत मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली.

मूळ यंत्राची ताकद आज हसू येईल इतकी तोकडी होती. कामाची मेमरी फक्त 2 किलोबाइट, प्रोसेसरचा वेग 1.79 मेगाहर्ट्‌झ. 1985चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, त्याच्या सगळ्या 32 टप्प्यांसकट, 40 किलोबाइटमध्ये मावला होता. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याहून कितीतरी मोठा असतो. मग काटकसर आलीच. त्यातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट पाहा: आकार एकच, ढगाला पांढरा रंग आणि झुडपाला हिरवा. एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त हलती चित्रं यंत्राला दाखवता येत नसत. म्हणून शत्रूंची गर्दी झाली की ती आळीपाळीने लुकलुकायची.

यंत्राला जोडून पडद्यावरची बदकं मारायची गन हा तर चलाखीचा नमुना. गोळी गनमधून सुटत नव्हती, उलट पडद्यावरचा उजेड गनमध्ये शिरत होता. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. गनच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला, तर बदक पडलं. जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर हे चित्र ठरल्या क्षणी उमटायचं. आजचा सपाट टीव्ही आलेला सिग्नल आधी स्वतःत साठवतो आणि मग दाखवतो. तेवढ्या उशिरात गनची वेळ चुकते. म्हणून जुनी गन नव्या टीव्हीवर कितीही नेम धरला तरी बदक पाडू शकत नाही.

इतक्या तुटपुंज्या चित्रांनी मनात एवढं घर का करावं? याचा एक धागा निन्टेन्डोच्याच ‘गेम बॉय’वर झालेल्या अभ्यासात सापडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये तो प्रसिद्ध केला. पाच ते आठ वर्षांच्या वयात गेम बॉयवर पोकेमॉन खेळू लागलेली 11 मोठी माणसं आणि तो कधीच न खेळलेली 11 माणसं त्यांनी एमआरआय यंत्रात झोपवून पोकेमॉनची चित्रं दाखवली. जुन्या खेळाडूंच्या मेंदूत, दृष्टीचं काम बघणाऱ्या भागातल्या एका विशिष्ट खाचेत, या चित्रांना खास प्रतिसाद मिळाला. जागाही सगळ्यांमध्ये जवळपास तीच. बाकीच्यांत तो दिसला नाही. संशोधकांच्या मते कारण पडद्याच्या आकारात आहे. गेम बॉयचा पडदा एवढासा. हातात ठरावीक अंतरावर धरलेला. त्यामुळे पोकेमॉन नेहमी नजरेच्या मध्यावरच पडायचे, आणि नजरेच्या मध्याचं काम बघणाऱ्या भागाने त्यांची जबाबदारी उचलली. कोवळ्या वयात तेच ते चित्र पुन्हा पुन्हा पाहणं मेंदूच्या घडणीत उतरतं, ते असं.

मारिओवर असा प्रयोग झालेला नसला, तरी पुन्हा पुन्हा पाहण्याची आपल्याकडे कमतरता नव्हती. घरात कॅसेटी मोजक्याच. ‘9999999 इन 1’ असं लिहिलेल्या कॅसेटीतही थोडेच गेम नावं बदलून फिरत राहायचे. शिवाय गेम मध्येच साठवून ठेवायची सोय नाही. लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात.

पण हुरहुर एकट्या चित्रांची नसते. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातले टिम विल्डशट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीज यांनी सहकाऱ्यांसह 2006 मध्ये लोकांच्या अशा हुरहुर लावणाऱ्या आठवणी तपासल्या. केंद्रस्थानी सांगणारा स्वतः असला तरी भोवती बहुतेक जवळची माणसं असतात, असं त्यांना आढळलं. एकटेपणा आला की या आठवणी वर येतात, आणि त्या काढल्यावर आपल्याला कुणीतरी आहे ही जाणीव वाढते.

तेव्हा माळ्यावरचं यंत्र खाली काढणार असाल, तर दोन गोष्टी करा. कॅसेटीत फुंकर मारू नका. तेव्हाही गेम चालू व्हायचा तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. आणि ‘टू प्लेअर’ निवडा. मारिओत दुसऱ्याला पहिला आऊट होईपर्यंत नुसतं बघत बसावं लागतं, ‘उडी मार, उडी मार’ म्हणून ओरडावं लागतं. तेवढं करायला तयार असलेलं माणूस कॅसेटीइतकंच आवश्यक आहे.